नावांचा डबा

राग कागदावर उतरवला की हलका होतो, असं आमचे फादर म्हणतात. ही माझी तिसरी वही आहे. अजून तरी काही हलकं झालेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्याने माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नये.

आमच्या काउंटीत दोन गावं आहेत. एक लायमा, दुसरं लीमा. लायमाचं स्पेलिंग पेरू देशाच्या राजधानीचं आहे, कारण ज्याने गाव वसवलं त्याने ते नाव नकाशात पाहिलं होतं, कानाने कधी ऐकलं नव्हतं. तो लायमा म्हणाला, मग सगळेच लायमा म्हणाले, आणि दीडशे वर्षं आम्ही तेच म्हणतोय. लीमा तिथून अठ्ठावीस मैल पूर्वेला, नदीपलीकडे. रेल्वेच्या एका इंजिनिअरने आपल्या मुलीचं नाव त्या स्टेशनाला दिलं, त्याचं स्पेलिंग निराळं. म्हणजे कागदावर या दोन गावांत काही घोळ होत नाही. होतो तो बोलताना. आणि टीव्ही ही शेवटी बोलायची गोष्ट आहे.

वेंडेल क्रूगर यांना हे माहीत नव्हतं. ते हॅरोचे, लायमापासून पन्नास मैलांवरचे. हॅरोत त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं आणि रेडिओंचं दुकान होतं. टीव्ही आले तसे त्यांनी वीस संच मागवले, पण नेब्रास्काच्या या कोपऱ्यात त्यावर दिसायला चॅनेलच नव्हतं. मग १९५७ साली त्यांनी मेहुण्याच्या कुरणात टॉवर उभा केला. चॅनेल काढलं ते टीव्ही खपवायला, हे ते स्वतःच हसत सांगायचे. पहिली दोन वर्षं बातम्याही तेच वाचत, दुकानात घालायच्या त्याच कोटावर.

त्या पहिल्याच फेब्रुवारीत त्यांनी ओटो ब्लेहाच्या अंत्यविधीची सूचना वाचली. उद्या सकाळी दहा वाजता, सेंट जॉन चर्च, लीमा. कागदावर होतं लायमा. आणि नशीब असं, की सेंट जॉन चर्च दोन्ही गावांत आहे. गुडघाभर बर्फातून निम्मी माणसं लीमाला गेली. खांदा द्यायच्या सहा जणांपैकी चार जण तिथे जाऊन उभे, आणि इकडे लायमात म्हातारी ब्लेहाबाई शवपेटीपाशी दोन तास वाट पाहत बसली. दुसऱ्या दिवशी क्रूगर तिच्या स्वयंपाकघरात हातात टोपी घेऊन उभे राहिले. तिने त्यांना बसायला सांगितलं नाही. त्यांनी खिशातून बायकोचं रेसिपी लिहायचं कोरं कार्ड काढलं आणि म्हणाले, बाई, नाव सांगा, तुम्ही म्हणता तसं सांगा, मी लिहून घेतो. तिने सांगितलं. मग तिनेच विचारलं, दुसरं कार्ड आहे का, लीमाचंही लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी त्यांचा मुडदा आमच्याकडे पाठवाल.

ही दोन कार्डं डब्यातली पहिली. डबा पत्र्याचा, मिसेस क्रूगरच्या रेसिपींचा, झाकणावर सफरचंदं. तो माझ्याकडे आला तेव्हा त्यात अकराशे कार्डं होती. गावं, रस्ते, ओढे, आडनावं. सरकारी नकाशात काय आहे त्याला आम्ही विचारत नव्हतो. तिथे राहणारा माणूस काय म्हणतो ते कार्डावर यायचं.

नव्या माणसाची परीक्षा त्या डब्यावर व्हायची. क्रूगर डोळे मिटून तीस कार्डं काढत. सगळी मोठ्याने वाचायची. एक जरी चुकलं तर, उद्या या. कॅलिफोर्नियाहून आलेले देखणे, पांढऱ्याशुभ्र दातांचे बातम्या वाचणारे माझ्या टेबलासमोर रडलेले मी पाहिलेत. एकाला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी पास झाला तेव्हा सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या, आणि तो पुढे बावीस वर्षं आमच्याकडे राहिला. ज्या माणसाचं नाव नीट घेता येत नाही त्याची बातमी द्यायचा तुम्हाला अधिकार काय, असं क्रूगर विचारत.

मी १९७९ साली फोन घ्यायला म्हणून लागले. मी आर्डिथ कुचेरा, लायमाजवळच्या शेतावर वाढलेली. पाच वर्षांनी डबा माझ्या हातात आला आणि तेच माझं खरं काम झालं. मांसाच्या कारखान्यात कामाला ग्वाटेमालाची माणसं आली, नंतर सुदानची आली. मी कार्डं घेऊन त्यांच्या घरी गेले. न्याल्दोंग नावाच्या एका बाईने मला तिचं नाव सात वेळा म्हणायला लावलं. सातव्यांदा जमल्यावर तिने मला जेवायलाच बसवलं. दोन वर्षांनी तिच्या मुलाला कुस्तीत राज्याचं पदक मिळालं आणि आमच्या बातमीत त्याचं पूर्ण नाव न अडखळता वाचलं गेलं, तेव्हा ती केक घेऊन ऑफिसात आली होती.

दरम्यान क्रूगर वाढत होते. दुसरं चॅनेल १९६८ साली घेतलं, कॅन्ससमध्ये, बुडीत निघालेलं. मग दक्षिण डकोटात एक, आयोवात दोन. वारले तेव्हा पाच राज्यांत अकरा चॅनेलं होती, सगळी लहान गावांतली, मोठ्या लोकांनी ढुंकून न पाहिलेली. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी ते स्वतः जात आणि तिथल्या फोन घेणाऱ्या बाईच्या हातात पत्र्याचा एक रिकामा डबा ठेवत. आम्ही अकराजणी नाताळला एकमेकींना पत्रं लिहायचो. कोणाकडे किती कार्डं झाली याची चढाओढ चालायची. मीच पुढे असायचे, सांगून ठेवते.

आता माझ्या भावाचं सांगते. डेलमर माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने लग्न केलं नाही, मीही नाही. तो आमच्या जुन्या शेतावरच राहिला, लायमापासून चार मैलांवर. साठीनंतर त्याचे डोळे गेले. आधी मधलं दिसेना, मग कडेचंही गेलं. जमीन त्याने शेजाऱ्याला कसायला दिली, कोंबड्या मात्र ठेवल्या. घर सोडून हॅरोला माझ्याकडे ये, असं मी दर महिन्याला म्हणायचे. तो म्हणायचा, तुझ्याकडे आलो तर मला तू ऐकावी लागशील, त्यापेक्षा टीव्ही बरा. स्वयंपाकघरात त्याचा टीव्ही दिवसभर चालू असायचा. तो कधी ऐकलं म्हणायचा नाही, पाहिलं म्हणायचा. आणि नावात चूक झाली की पाच मिनिटांत माझा फोन वाजायचा. तुमच्या त्या नव्या पोरीने आज कोझाक खिंडीचं पार वाटोळं केलं, जरा कान उपट.

आमच्या घराला खाली तळघर नाही. वादळात लपायचं तळघर अंगणात आहे, जमिनीत, वर झुकत्या दाराचं. डोळे गेल्यावर डेलमरने स्वयंपाकघराच्या दारापासून तळघराच्या कडीपर्यंत दोरी बांधली. एकतीस पावलं. मी गेले की मला डोळे मिटून तिच्यावरून चालायला लावायचा आणि घड्याळ नसताना वेळ मोजायचा.

आमचं हवामान गॅलन ह्रुश्का सांगायचा. बुटका, टक्कल पडलेला, कोट नेहमी आखूड. पण आभाळ काळं झालं की सगळी काउंटी त्याच्या तोंडाकडे बघायची. तो अक्षांश-रेखांश सांगत बसायचा नाही. तो म्हणायचा, हॉफमनच्या धान्याच्या सायलोपाशी पोचलंय, पाच मिनिटांत जुन्या चीज फॅक्टरीवर येईल, त्याच्या उत्तरेचे सगळे खाली जा. एकदा तर म्हणाला, डेलमर कुचेरा, कोंबड्या सोड आणि दोरी धर. डेलमर ते वर्षभर सांगत होता.

क्रूगर २०११ साली गेले. चॅनेलं मुलाकडे, कर्टकडे आली. कर्टला मी माझ्या टेबलाखाली रांगताना पाहिलंय. सोळाव्या वर्षी त्याला सुट्टीत काम हवं होतं तर बापाने त्यालाही सोडलं नाही, तीस कार्डं काढली. पोरगं पहिल्या फटक्यात पास झालं. बापाला त्याचा एवढा अभिमान वाटला, की दिवसभर दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता. मलाही वाटला होता, खोटं का बोला.

मग २०१७ साली ती कंपनी आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, तिने ते तेव्हापासून दोनदा बदललंय. तिच्याकडे आधीच शेकडो चॅनेलं होती. तिला आमची अकरा हवी होती. आमच्यावर प्रेम म्हणून नव्हे, नकाशात मध्ये रिकामी जागा दिसत होती म्हणून. कर्टने किती घेतले ते पेपरात आलं होतं. त्याने विकलं याचा मला राग नाही. माणसं विकतात. इथे दर वर्षी कोणीतरी शेत विकतं आणि आम्ही लिलावात जाऊन कॉफी पितो. राग कशाचा आहे ते आता येईल.

सही व्हायच्या आठवडाभर आधी मी कर्टच्या खोलीत गेले. म्हटलं, एवढंच कर, डब्याचं करारात घाल. नावं डब्यावरून घ्यायची आणि वादळाच्या वेळी बोलणारा माणूस इथलाच हवा, दोन ओळी. त्याने चष्मा काढला आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

“आर्डिथ, असल्या गोष्टी करारात घालत नाहीत. ते लोक हसतील मला.”

“हसू दे की. हसून झालं की सही करतील.”

“काही बदलणार नाहीये. मी सांगतोय ना.”

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं, डोनट मागवले, आणि हेच वाक्य सगळ्यांसमोर म्हणाला. काही बदलणार नाही. मला त्याने शेजारी उभं केलं होतं. आर्डिथ आहे म्हटल्यावर माणसं शांत राहतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी उभी राहिले. हातात डोनट घेऊन, मान हलवत. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कोणती विचाराल तर ती मान.

कारण त्याच संध्याकाळी डेलमरने फोनवर विचारलं, वादळ आलं की आपोआप भोंगा वाजवणारा तो रेडिओ मिळतो तो घेऊ का, म्हणजे चॅनेल विकलं म्हणतात म्हणून. मी म्हटलं, कशाला? रात्रंदिवस साऱ्या काउंटीसाठी बोंबलत बसतो तो, तूच वैतागून बंद करशील. गॅलन आहे, डबा आहे. कर्टने शब्द दिलाय.

आठ महिन्यांत गॅलनची नोकरी गेली. हवामान तीन राज्यं पलीकडच्या एका शहरातून यायला लागलं. तिथे एका खोलीत बसून एकेक जण आठ-आठ, नऊ-नऊ चॅनेलांचं आभाळ सांगतो, कोट तोच, फक्त मागचा नकाशा बदलतो. मग संपादक गेले, कॅमेरेवाले गेले, आणि एका मंगळवारी माझी पाळी आली. कंपनीची एक चुणचुणीत बाई टॅब्लेट घेऊन आली होती. मी डबा तिच्यापुढे सरकवला. काय आहे ते सांगितलं, दोन कार्डं वाचूनही दाखवली. ती गोड हसली आणि म्हणाली, किती छान, पण उच्चार आता सॉफ्टवेअरमध्ये असतात. ऑफिसचं काही बाहेर न्यायचं नाही असं दारावरच्या माणसाला सांगून ठेवलेलं होतं. त्याने पिशवीत काय आहे विचारलं. रेसिपी आहेत म्हणाले आणि डबा घरी घेऊन आले.

मी कंपनीला चार पत्रं लिहिली. चारही पत्रांत लायमा आणि लीमाचं लिहिलं, ओटो ब्लेहाच्या अंत्यविधीसकट. उत्तर आलं एकाचं, छापील, प्रेक्षकांचं मत आम्हाला मोलाचं वाटतं. कर्टला दोन लिहिली. तो ॲरिझोनात राहायला गेला होता. त्याने निवडुंगाचं चित्र असलेलं पोस्टकार्ड पाठवलं. तुम्हा सगळ्यांची फार आठवण येते. डब्याबद्दल अक्षर नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जून. दिवस शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं. मी हॅरोच्या सुपरमार्केटात बेकरीच्या काउंटरवर काम करत होते, अजूनही करते. कॉफीच्या मशीनवर भिंतीला टीव्ही आहे. बाहेर ऊन होतं, पण पश्चिमेकडे आभाळ हिरवट झालेलं. टीव्हीवर कार्यक्रम थांबला आणि निळ्या कोटातला एक तरुण आला. मागे आमच्या काउंटीचा नकाशा, त्यावर लाल डाग, आणि डाग लायमाच्या नैर्ऋत्येला, आमच्या शेताच्या अगदी तोंडाशी. तो म्हणाला, टोर्नेडो जमिनीवर उतरला आहे, लीमापासून सहा मैलांवर, लीमाच्या आसपासच्या सर्वांनी ताबडतोब तळघरात जावं.

लीमा.

ज्यांना नकाशा दिसत होता त्यांना कळलं. ज्यांच्या हातात मोबाइल होता त्यांच्या मोबाइलवर काउंटीचं नाव आलं, आणि काउंटी तर एकच. डेलमरचा मोबाइल ड्रॉवरमध्ये असायचा. त्याच्याकडे कान होते आणि आमचं चॅनेल होतं. मी गिऱ्हाईक तसंच सोडून भिंतीवरच्या फोनकडे पळाले. घरचा नंबर. पहिल्यांदा लागलाच नाही, सगळी काउंटी फोन करत होती. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागला. सहा वेळा वाजला. उचलला.

“डेलमर, तळघरात जा. आत्ताच्या आत्ता.”

“तू कुठून पाहतेयस? ते लीमाला चाललंय. आम्हाला काही नाही.”

“लीमा नाही, लायमा! त्या मुलाला म्हणता येत नाहीये.”

“दोनदा म्हणाला तो, लीमा. माझे डोळे गेलेत आर्डी, कान नाही गेलेले.”

“मी नकाशा बघतेय. लाल तुझ्या डोक्यावर आहे. जा ना रे.”

त्याच्या मागे त्याचा टीव्ही मला ऐकू येत होता, तोच मुलगा, तेच वाक्य.

“कोंबड्या एकदम गप्प झाल्यात,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पण तुमच्याच चॅनेलने सांगितलं गं.”

त्याने फोन ठेवला नाही, टेबलावर नुसता टाकला. दार उघडल्याचा आवाज आला. मी कानाला लावून तशीच उभी. माझ्या डोक्यावरच्या टीव्हीत तो मुलगा लीमा म्हणायचा आणि क्षणभराने फोनमधून, डेलमरच्या रिकाम्या स्वयंपाकघरातून, पुन्हा लीमा ऐकू यायचं. असं दोनदा झालं. मग फोन मेला.

शेजाऱ्यांना तो दोरीवर सापडला. एकोणीस पावलं झाली होती, बारा राहिली होती. घर नव्हतं, कोंबड्यांचं खुराडं नव्हतं, पण तळघराचं झुकतं दार जसंच्या तसं होतं, कडीला गंज चढलेला. उजव्या हातात दोरी घट्ट धरलेली होती. पहिली सूचना आली तेव्हापासून मी त्याला गाठेपर्यंत चार मिनिटं गेली. चार मिनिटांत माझा भाऊ एकतीस पावलं दहा वेळा चालला असता.

नंतर कंपनीचा फोन आला. सूचना वेळेत दिली गेली होती, वादळ गावाशी पोचायच्या अकरा मिनिटं आधी, याची नोंद त्यांच्याकडे आहे, असं एका वकिली आवाजाने सांगितलं. पडद्यावर त्यांनी शोकसंदेश दाखवला, त्यात गावाचं नाव बरोबर होतं. लिहिताना त्यांचं कधी चुकलेलं नाहीच. आणि त्यांची वार्ताहर, ओमाहाहून आलेली, आमच्या घराच्या पायाच्या दगडांवर उभी राहून कॅमेऱ्यात म्हणाली, लीमा गावावर आज शोककळा. मी दहा फुटांवर उभी होते. मी तिला काही बोलले नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या निळ्या कोटातल्या मुलाचं मला स्वतंत्र पत्र आलं, हाताने लिहिलेलं. तो चोवीस वर्षांचा आहे. त्या संध्याकाळी त्याच्याकडे नऊ चॅनेलं होती आणि तीन राज्यांत वादळ. ‘मला कोणीतरी सांगायला हवं होतं,’ असं त्याने लिहिलंय. मी त्याला उत्तर पाठवलं. त्याच्यावर माझा राग नाही, हे त्यात लिहिलं, आणि खाली एक कार्ड उतरवून दिलं.

डेलमरचा अंत्यविधी लायमाच्या सेंट जॉनमध्ये झाला. ह्या वेळी सगळी माणसं बरोबर गावात आली. आम्हीच एकमेकांना फोन करून सांगितलं, टीव्हीवर द्यायचा प्रश्नच नव्हता. गॅलनने खांदा दिला. न्याल्दोंग दोन मुलांना घेऊन आली होती. नंतर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये जेवण होतं, नेहमीचंच, हॅमचे सँडविच, चीज घातलेले बटाटे, आणि खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, जे खाल्ल्याशिवाय आमच्याकडे कोणी मरतही नाही आणि लग्नही करत नाही.

कर्ट आला होता. ॲरिझोनाच्या उन्हाने रापलेला, सूट भारी. लोकांनी त्याला वाट करून दिली, पण कोणी हात पुढे केला नाही. तो हातात प्लेट घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याचे डोळे लाल होते, आणि ते नाटक नव्हतं हे मी कबूल करते. कर्ट वाईट मुलगा कधीच नव्हता. याचाच तर मला संताप येतो.

“आर्डिथ,” तो म्हणाला, “असं काही होईल हे मला खरंच माहीत नव्हतं.”

माझ्या पायाशी पिशवी होती. सकाळी घरातून निघताना डबा पिशवीत का टाकला, हे मला ठाऊक नव्हतं. खोटं बोलले, ठाऊक होतं. मी तो काढून टेबलावर ठेवला, कोलाच्यांच्या ताटाशेजारी. झाकणावरची सफरचंदं बघून कर्टने प्लेट खाली ठेवली.

“बस,” मी म्हटलं. “तीस.”

त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो बसला. मी त्याच्या वडिलांसारखे डोळे मिटून अठ्ठावीस कार्डं काढली. शेवटची दोन डोळे उघडे ठेवून काढली, सगळ्यात मागची, कडा पिवळ्या पडलेली, मिसेस क्रूगरच्या कोऱ्या कार्डांवर मिस्टर क्रूगरच्या अक्षरात लिहिलेली. उच्चार मागच्या बाजूला असतो. मी फक्त नाव दिसेल अशी धरायची, तो वाचायचा.

तो हळू वाचत होता. कोझाक खिंड. ब्यूफोर्ड ओढा, जो आम्ही बायफर्ड म्हणतो. श्टास्नी. नॉरफोक रस्ता, आमच्या तोंडी नॉरफोर्क. बटाटे वाढणाऱ्या बायका हातात पळी घेऊन थांबल्या. गॅलन भिंतीला टेकून प्रत्येक नावाला मान हलवत होता. विसाव्या कार्डाला न्याल्दोंगचं नाव आलं. मी सातव्यांदा शिकले होते ते कर्टने एका दमात म्हटलं, आणि हॉलच्या टोकाला ती मागे वळून बघायला लागली.

खरं सांगते, मला वाटलं होतं तो अडखळेल. सहा वर्षं झाली गाव सोडून. विसरला असेल, आणि विसरला असता तर मी त्याला कधीतरी माफही केलं असतं. नव्हतं लक्षात, म्हणून गेलं करारातून, असं म्हणून मनाची समजूत घातली असती. पण एक चूक नाही. एकोणतिसावं कार्ड मी वर धरलं. समोर त्याच्या बापाचं अक्षर होतं. त्याने वर बघितलं. मी कार्ड खाली घेतलं नाही.

“लायमा,” तो म्हणाला.

मी शेवटचं धरलं.

“लीमा.”

मी तीसही कार्डं गोळा केली, टेबलावर ठोकून त्यांच्या कडा जुळवल्या, डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. कर्ट माझ्याकडे बघत होता, लहानपणी टेबलाखालून बघायचा तसा, आता ही काहीतरी बोलेल म्हणून.

“पास झालास,” मी म्हटलं. “तुझ्या वडिलांनी तुला कामावर घेतलं असतं.”